छत्तीसचा चार्जर

९ मार्च, गुरुवार

तीर्थरूप अप्पा,

साष्टांग नमस्कार. आईला नमस्कार, आणि टेलरकाकांनाही, कारण वाचून तेच दाखवणार. काका, आधी चष्मा पुसा. आणि मागच्या वेळेसारख्या मधल्या ओळी गाळून शेवटाकडे पळू नका. अप्पांना ते कळतं आणि ते मला सांगतात.

मी बरी आहे. खोलीची खिडकी अजून नीट लागत नाही, पण घरमालकीणबाईंनी फटीत कागदाची घडी बसवून दिली आहे. कामावर मला आता चिठ्ठ्यांच्या विभागात घेतलंय. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी आणि मंजूर झालेला कागद शेजारी शेजारी ठेवायचे, अक्षर न् अक्षर, आकडा न् आकडा जुळतो का पाहायचं, आणि खाली सही करायची. सही माझी! पहिल्या दिवशी खोकल्याच्या औषधाची एकच चिठ्ठी मी अकरा वेळा वाचली. आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, तोवर पेशंट आपोआप बरा होईल."

आता मुद्दा. सोबतच्या खोक्यात तुमच्या सायकलच्या बॅटरीचा नवा चार्जर आहे. जुन्यावर काकांची इस्त्री पडली ती पडली, पण नेमकी त्याच्यावरच्या छापील कागदावर पडावी? एकही अक्षर वाचता येत नव्हतं. म्हणून तुम्ही बॅटरीवरचं बघून जी चिठ्ठी काढून पाठवलीत, तिचाच आधार घेतला. त्यावर छत्तीस होतं, खोक्यावरही छत्तीस व्होल्टच आहे. तुम्ही कडेला काढलेलं पिनचं भोकही मोजून घेतलं. दुकानातल्या बाई बेचाळीस लिहिलेला दुसराच चार्जर पुढे सरकवत होत्या. म्हटलं, "अहो, बॅटरी छत्तीसची आणि चार्जर बेचाळीसचा? आकडे जुळायला नकोत?" त्या काहीतरी बोलत होत्या, पण मी काही नवखी नाही. दिवसभर हेच तर काम करते.

वापरायचा कसा ते ऐका. सायकल चालवून आल्या आल्या बॅटरी लावायची नाही, अर्धा तास तिला गार होऊ द्यायचं. लावताना गादीवर, कपड्यांवर ठेवायची नाही; फरशीवर ठेवा. घरात कोणी नसताना लावायची नाही. लाल दिवा म्हणजे चालू, हिरवा म्हणजे भरली. हिरवा झाला की काढायची. पार रिकामी होईपर्यंत चालवू नका, तुम्हाला ती सवय आहे. आई, तू लक्ष ठेव.

गुडघा कसा आहे? पुलापलीकडच्या शिवणवर्गाच्या सगळ्या मशीनची दुरुस्ती तुमच्याकडेच आली, हे आईने सांगितलं. बारा मशीन! सायकल बंद राहिली तर तिथवर चालत जाणार कसे, याच काळजीने मी घाई केली.

तुमची,
वकीलसाहेब


२३ मार्च, गुरुवार

तीर्थरूप अप्पा,

साष्टांग नमस्कार. हात कसा आहे? मलम दिवसातून दोनदा लावायचं, एकदा नाही. फोड फोडू नका. स्क्रू ड्रायव्हर आठ दिवस धरायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि तुम्ही तिसऱ्या दिवशी काकांचं मशीन उघडून बसलात म्हणे.

आईने फोनवर सगळं सांगितलं. बॅटरी फुगली, धूर झाला, तुम्ही ती तशीच उचलून जिन्याखाली नळापाशी नेऊन टाकलीत. मोरीजवळची लाकडी फळी काळी पडली. माणसं वाचली, हे महत्त्वाचं. आई म्हणाली, "दोन दिवस लावून ठेवली होती, विसरलो म्हणाले. तुझ्या बापाला आता ताट पुढे ठेवलं तरी जेवायची आठवण करावी लागेल." मी काय बोलले ते मला आठवत नाही. बहुतेक "हो का" म्हणाले.

काकांनी तुमच्यासाठी गोदामाच्या फाटकावर बसायचं काम बघितलंय, तेही कळलं. दहा तारखेपासून. खुर्ची आहे, पंखा आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद दुसरा माणूस करतो, तुम्ही फक्त फाटक उघडायचं. काका, तुम्ही चांगल्या मनाने केलंत, मला माहीत आहे.

इकडे काम चालू आहे. थंडी कमी झाली. खिडकीतला कागद पडला, मी दुसरा घातला.

धूर व्हायच्या आधी एकदा तुमचा फोन आला तेव्हा ऑफिसात गडबड होती, नीट बोलता आलं नाही. ते राहून गेलं.

अप्पा, तुम्ही खरंच विसरलात का?

जाऊ दे. हाताची काळजी घ्या.

तुमची,
मी


३ एप्रिल, सोमवार

तीर्थरूप अप्पा,

साष्टांग नमस्कार. हे पत्र गुरुवार-शुक्रवारपर्यंत पोचेल. काका, एक विनंती आहे. अप्पांना खाली दुकानात बोलावून वाचू नका. वर जा, आईला समोर बसवा, तिच्या हातातलं काम बाजूला ठेवायला सांगा, आणि मग मोठ्याने वाचा. एकही ओळ गाळू नका. मी हे फोनवर सांगू शकले असते, पण फोनवर मी "हात कसा आहे" विचारते, अप्पा "उत्तम" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. गेले दोन आठवडे हेच चाललंय.

अप्पा, तुम्ही विसरला नव्हतात.

शनिवारी मी त्या दुकानात परत गेले. तुमची चिठ्ठी घेऊन गेले, नवी बॅटरी बघायला. बाईंनी मला लगेच ओळखलं.

"तुम्हीच ना त्या, आकडेवाल्या?"

मी हो म्हटलं. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, दिव्याखाली धरली, आणि म्हणाल्या, "हे कोणी काढलंय?"

"माझ्या वडिलांनी. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, आकडे तेवढे ओळखतात."

"लिहिता येत नाही? अहो, खाली स्पष्ट लिहिलंय की, लिथियम."

अप्पा, तुम्ही छत्तीसच्या खाली ज्या सात आकृत्या काढल्या होत्या ना, पहिली जरा वाकडी, शेवटची कागदाच्या कडेला चेपलेली? ती इंग्रजी अक्षरं होती. सातच्या सात बरोबर. एखादा सुटा भाग कागदावर ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवावी तशी तुम्ही ती उतरवली होतीत. मी आकडा वाचला आणि खालचं वाचलंच नाही. मला वाटलं, अप्पांनी स्टिकरवरची नक्षी काढलीय. तुम्हाला येत नाही हे मी इतकं धरून चालले होते की तुम्ही लिहिलेलं मला दिसलंच नाही. घरात वाचता येणारी एकटी मी.

बाईंनी मग मला समजावलं, आणि यावेळी मी ऐकलं. बॅटरीवर छत्तीस असलं तरी तुमच्या जातीची बॅटरी पूर्ण भरली की बेचाळीसवर जाते. म्हणून तिचा चार्जर बेचाळीसचा, आणि बेचाळीस झाले की तो स्वतः थांबतो. मी पाठवलेला छत्तीसचा चार्जर ऍसिडच्या बॅटरीचा होता. तो बेचाळीसवर थांबत नाही, आणखी वर रेटत राहतो. ऍसिडच्या बॅटरीला ते चालतं, तुमच्या बॅटरीला नाही. खोक्याच्या बाजूला ते बारीक अक्षरात छापलेलंही आहे.

त्या दिवशीही त्यांनी मला विचारलं होतं, "बॅटरी कुठली? लिथियम की ऍसिडची?" मला माहीत नव्हतं. मागे दोन माणसं उभी होती. माहीत नाही म्हणायची लाज वाटली. म्हणून मी म्हटलं, "साधीच आहे हो."

साधीच आहे हो. हे तीन शब्द मी रोज झोपताना ऐकते.

आता दुसरं, आणि हे जास्त वाईट आहे. आई, हे तुला माहीत नाही. चार्जर मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी अप्पांनी मला फोन केला होता. म्हणाले, "वकीलसाहेब, हा जरा जास्तच गरम होतोय. आणि दिवा काही हिरवा होत नाही. बॅटरीवर हात ठेवला तर मशीनची मोटर जळायच्या आधी लागते तशी लागतेय."

माझ्यासमोर वीस चिठ्ठ्या होत्या. मी म्हटलं, "नवा असला की सुरुवातीला होतो गरम. मी वाचलंय."

"वाचलंयस ना? मग ठीक," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी काहीही वाचलं नव्हतं.

अप्पा, चाळीस वर्षं तुम्ही मोटरवर हात ठेवून आत काय बिघडलंय ते सांगता. शिवणवर्गाच्या बाई हसायच्या, म्हणायच्या, "डॉक्टरांनी नाडी बघितली." तुमच्या हाताला कळलं होतं. आणि तरी तुम्ही तो चार्जर पुन्हा लावलात, कारण मी "वाचलंय" म्हटलं. मी आठ वर्षांची असल्यापासून हेच चालत आलंय. विजेचं बिल, रेशनचा कागद, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं माझ्यापुढे ठेवायचं आणि मी जे सांगेन ते खरं. तुम्ही लोकांना सांगत सुटायचात, "आमच्या घरी वकील आहे." मला त्या नावाची इतकी सवय झाली की माहीत नसलेलं सांगायलाही मी कचरेनाशी झाले.

मग धूर झाला, आणि आईने विचारलं, "काय केलंत हे?" तेव्हा तुम्ही सांगितलंत, दोन दिवस लावून ठेवली, विसरलो. दोन दिवस! तुम्ही, ज्यांना कुठल्या घरातल्या मशीनला कधी तेल घातलं ते तारखेसकट आठवतं. मी फोनवर ते ऐकलं, आणि मला सगळं कळलं. त्याच क्षणी. आणि मी "हो का" म्हणाले. पुढच्या पत्रात तुम्हालाच विचारलं, खरंच विसरलात का म्हणून. तुम्ही "हो" म्हणाल आणि मी सुटेन, या आशेने विचारलं होतं. काका म्हणाले, तो प्रश्न ऐकून तुम्ही नुसते हसलात आणि पुढे वाचायला सांगितलंत.

आई, आता तुझ्याशी. त्यांना विसरभोळे म्हणू नकोस. विसरले म्हणून तू सायकलची किल्ली डाळीच्या डब्यात लपवलीस ना, ती काढ. (त्यांना ती कुठे आहे ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. काकांनीच मला सांगितलं.) रागवायचं असेल तर माझ्यावर रागव. मी रविवारी समोरच येतेय, पत्रातून रागवायची गरज नाही.

काका, गोदामाच्या माणसाला सांगा की दहा तारखेला कोणी येणार नाही. शिवणवर्गाची बारा मशीन वाट बघतायत. अप्पांना खुर्ची आणि पंखा देऊन फाटकावर बसवलं, तर आठ दिवसांत ते गोदामाचं फाटक उघडून त्याच्या बिजागऱ्या दुरुस्त करायला बसतील, आणि मग ते बंद कोण करणार? आणि हो, इस्त्रीबद्दल मी तुम्हाला जे काही बोलले ते परत घेते. तुमच्या इस्त्रीने फक्त कागद जाळला होता.

नवी बॅटरी कुरियरवाले घेत नाहीत, धोक्याची वस्तू म्हणतात. ते बरंच आहे. मी रविवारी सकाळच्या गाडीने ती स्वतः घेऊन येते, चार्जरही. बेचाळीसचा. पण अप्पा, मला खरं सांगायचं तर भीती वाटते. बाईंना मी चार वेळा विचारलं. त्यांनी त्यांच्या समोर लावून, भरून, दिवा हिरवा होईपर्यंत मला तिथे बसवून ठेवलं. तरी वाटेत मी तीनदा पिशवी उघडून खोका वाचला.

म्हणून असं करू. तुम्ही फळी घासू नका, ती मी घासेन. बॅटरी फरशीवर ठेवू. मी तुम्हाला खोक्यावरचा शब्द न् शब्द वाचून दाखवीन, बारीक अक्षरांसकट, आणि जे कळलं नाही ते कळलं नाही म्हणेन. मग चार्जर लावू आणि तुम्ही त्यावर हात ठेवा. मी कितीही काही वाचलेलं असो, तुमचा हात नको म्हणाला तर ताबडतोब काढायचा.

आणि तुमची ती चिठ्ठी मी परत देणार नाही. ती माझ्या टेबलावर काचेखाली आहे. मोठ्या बाईंनी विचारलं, हे कोणाचं अक्षर? मी म्हटलं, माझ्या वडिलांचं. त्या म्हणाल्या, सुरेख आहे.

तुम्ही फोनवर सांगितलं होतंत त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. हो, अप्पा. तो जास्तच गरम होत होता.

तुमच्या हाताचं न ऐकलेली,
तुमची मुलगी