खड्डा बावीस फुटांवर आहे

दादा,

विहिरीचं पाणी कुणी पिऊ नका. त्यात नायट्रेट निघालंय आणि ते उकळून जात नाही. वहिनीला आठवा महिना आहे, तिला घोटभरही देऊ नकोस. चौकातल्या नळाचे दोन हंडे भरून ओट्यावर ठेवलेत.

पलीकडच्या घरातल्या बाळाला काल दवाखान्यात नेलं. त्याचे ओठ निळे पडले होते. त्याचं पावडरचं दूध आपल्याच विहिरीच्या पाण्यात कालवतात.

संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फूट लांब हवा, असा नियम आहे. आपला बावीसवर आहे. मोजणीच्या कागदावर पन्नास मीच लिहिलं. तू म्हणालास, "खोली बांधायला जागा उरत नाही, आणि तपासणारी घरचीच आहे." तुझ्या शब्दाबाहेर जायची सवय नाही मला, म्हणून सही केली.

आता ऑफिसात जाऊन साहेबांना खरं सांगणार आहे. त्यात तुझंही नाव येईल. नोकरी गेली तर बघू. फोन बंद ठेवलाय, कारण तुझा आवाज ऐकला तर माझं पाऊल मागे येईल.

सकाळी बाळाची आई कपडे न्यायला आली होती. तिने दारातूनच विचारलं, "डॉक्टर पाण्याचं विचारतायत. तू पाणी खात्यातली, तूच सांग, आपलं पाणी चांगलं आहे ना?" मी हो म्हणून बसले. ती गेल्यावर ऑफिसच्या किटने पाणी तपासलं.

म्हणून आधी दवाखान्यात जातेय, मग ऑफिसात.

धाकटी