जानोसा, अर्ध्या भावात

२ नोव्हेंबर
तेजस्विनीचा साखरपुडा झाला. लग्न अकरा डिसेंबरला, इथेच नाशकात. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून, नांदगावहून वऱ्हाड आदल्या संध्याकाळी येणार. जानोसा, म्हणजे वऱ्हाडाची उतरायची सोय, मुलीकडच्यांनी करायची. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, जानोसा माझ्याकडे लागला. थ्री स्टार, एसी, तेही अर्ध्या भावात. व्याही निवृत्तीराव म्हणाले, कशाला, सतरंज्या टाकल्या तरी लय झालं. आमच्या हिने, योगिनीने, पंचवटीतल्या धर्मशाळेचं नाव काढलं. मी नुसता हसलो. एकुलती एक मुलगी आहे. उद्या सासरी तिला बापावरून कुणी बोलता कामा नये.

५ नोव्हेंबर
वेबसाइट सापडली. बोली लावायची असते. आपण एरिया आणि स्टार निवडायचे, आपला भाव टाकायचा. हॉटेलला पटला की कार्डवरून पैसे कट आणि मगच हॉटेलचं नाव कळतं. कॅन्सल नाही, रिफंड नाही. योगिनी म्हणाली, अहो, आपण मेथीची जुडीसुद्धा उलटी करून बघतो. तिला म्हटलं, ही स्ट्रॅटेजी आहे.

६ नोव्हेंबर, सकाळी
पहिली बोली. पंचवटी, थ्री स्टार. नाकारली. बरंच झालं. पहिल्या बोलीला हो म्हणणारं हॉटेल कसलं असणार.

१४ नोव्हेंबर
रोज एक बोली, रोज नकार. ऑफिसातला लियाकत म्हणाला, त्या दिवशी लग्नाची मोठी तिथ आहे, माझ्या मंडपवाल्या भावाकडे एक खुर्ची शिल्लक नाही, जो भाव असेल तो दे आणि मोकळा हो. लियाकत माणूस चांगला, पण मार्केट कळत नाही. रिकामी रूम हॉटेलवाल्याला परवडत नाही. तारीख जवळ आली की पाया पडत येतील. तोवर मी हॉल, केटरर, पत्रिका कशातच लक्ष घालणार नाही, असं घरी सांगून टाकलं. केटररशी माझं तसंही वाजलं होतं. जिलेबीवरून.

२५ नोव्हेंबर
भाव वाढलेत. घाबरले आहेत ते.
तेजस्विनीने विचारलं, बाबा, रूमचं कुठवर आलं? झालंच समज, म्हटलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ऑफिसला गेली.

३ डिसेंबर
आज नियम नीट वाचले. त्याच दिवशी दुसरी बोली लावायची तर एक नवा एरिया जोडावा लागतो. इतके दिवस उगाच फुकट गेले. नाशिक रोड जोडला. नाही. सातपूर. नाही. एक स्टार कमी केला. नाही.

७ डिसेंबर
जेवण जात नाही. निवृत्तीरावांचा फोन आला, तो घेतलाच नाही. दुपारी कुणाला न सांगता पंचवटीत धर्मशाळेत जाऊन आलो. मॅनेजर मान वर न करता म्हणाला, दहा-अकरा फुल आहे. कधीपासून, विचारलं. महिना झाला, कुणाचं तरी वऱ्हाड उतरतंय. काही लोकांना फार घाई असते.

९ डिसेंबर, दुपारी चार
यादीत एकच एरिया उरलाय. 'नाशिक ग्रामीण'. मी आधीच कसा बघितला नाही? ग्रामीण म्हणजे गंगापूर धरणाकडची रिसॉर्ट. द्राक्षांचे मळे, स्विमिंग पूल. निवृत्तीराव बघतच राहतील. सगळ्या रूमची एकदम बोली लावली.

सव्वाचार
मान्य. सगळ्या रूम. पैसे कट झाले. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. नाव लोड होतंय.

साडेचार
हॉटेल नांदगावला आहे. स्टेशनजवळ. निवृत्तीरावांच्या घरून चालत जाता येईल.

१० डिसेंबर
सकाळी मायलेकींना समोर बसवून सगळं सांगितलं. म्हटलं, पोरी, मी तुझं नाक कापलं. मग कळलं. पंचवटीची धर्मशाळा योगिनीने साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशीच घेऊन ठेवली होती. निवृत्तीरावांना माहीत होतं. लियाकतलाही. गाद्या त्याच्या भावाकडूनच आल्यात.
मला का नाही सांगितलं, विचारलं. योगिनी चिडलीसुद्धा नाही. म्हणाली, तुम्ही त्या मोबाइलमध्ये गुंतलात म्हणून तर बाकीचं सगळं नीट झालं. मी रोज देवाला म्हणत होते, ह्यांची बोली लग्नापर्यंत लागू नको देऊ.
संध्याकाळी वऱ्हाड आलं. मी धर्मशाळेच्या दारात उभा होतो. मला कुणी काही काम सांगितलं नाही.