‘क्लच’ नावाचा विषाणू

प्रिय दादा,

तुझ्या पायाच्या हाडातला संसर्ग कुठल्याच औषधाला दाद देईना, तेव्हा तू तुझ्या डेपोत बस धुतात तिथली माती वहिनीच्या हाती डब्यातून पाठवलीस. माझ्या विद्यार्थिनींनी ती पाण्यात घोळून, गाळून प्लेटमधल्या जंतूंवर सोडली. दुसऱ्या दिवशी दुधट थराला स्वच्छ गोल भोकं पडली होती. जंतूंना मारणारा विषाणू सापडला होता. आमच्याकडे माती आणणाऱ्यानं नाव ठेवायचं असतं. डावा पाय आता याच्याच भरवशावर, म्हणत तू फोनवरच ‘क्लच’ ठेवून मोकळा झालास.

मुलींनी तो शुद्ध केला, वाढवला. मोठ्या मायक्रोस्कोपखाली डोकं आणि एकच लांब शेपूट दिसली. एक म्हणाली, बाई, हा तर एका पायाचा! सगळ्या हसल्या आणि तिनं लगेच जीभ चावली.

आमचे प्लेटवरचे जंतू मातीतले, निरुपद्रवी. तुझ्या हाडातले वेगळे. हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. पण तू इतका खुशीत होतास, म्हणून मी ते दबक्या आवाजात सांगितलं का? रोज स्वतःला विचारते.

इथल्या हॉस्पिटलच्या लॅबनं तुझ्या जखमेतले जंतू वाढवून त्यांवर क्लचचा थेंब सोडला, मुलींनी शोधलेल्या इतर विषाणूंचेही सोडले. आज मी तिथे जाऊन प्लेट उजेडात धरली, तिरकी केली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. थर सलग होता. टाचणीएवढंही भोक नाही.

पालथ्या बादलीवर बसून, पुढे तीन विटा मांडून तू गाडी शिकायचास, आठवतं? मी मागे पाटावर, प्रवासी. डाव्या विटेवरचा पाय चुकला की मलाच ओरडायचास, ठमे, धर नीट, गाडी आचके देतेय! आता ऑपरेशनचं नाव काढलं की तू भिंतीकडे तोंड फिरवतोस म्हणे. माझी बहीण औषध आणतेय, थांबा, असं डॉक्टरांनाच सुनावतोस.

औषध येत नाहीये, दादा. संसर्ग गुडघ्याशी आलाय, डॉक्टर परवापुढे थांबायला तयार नाहीत. फोनवर तू माझ्याकडून ‘बघू’ वदवून घेतलं असतंस, म्हणून लिहितेय. वहिनी हे वाचून दाखवेल, तेव्हा पेन तिच्या हातात असेल. सही कर. पाय कापू दे. बस चालवणं सुटणार, हे मला कळतं. नाव मात्र मुली बदलायला तयार नाहीत. क्लच इथे फ्रीजमध्ये आहे. त्याला बघायला तू यायचंस.

बादलीच्या गाडीतली एकुलती प्रवासी,
तुझीच ठमी