उपसरपंचांची ॲब्सोल्युटली

ती. गुलाबभाऊ यांना सत्यशीलाचा जयभीम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनीला सांगा, तिचं लोणचं संपलं, बरणी मात्र परत मागू नये. इकडे आम्ही ठीक, म्हणजे मी ठीक. तुमच्या जवायांना, म्हणजे आमच्या ह्यांना, मध्यंतरी इंग्रजी झालं होतं.

त्याचं असं, गावाजवळ रिसॉर्ट बांधायला एक साहेब येऊ लागले. काहीही विचारा, मान डोलवून म्हणायचे, "ॲब्सोल्युटली!" आमच्या ह्यांना (उपसरपंच झाल्यापासून जड शब्द फार आवडतात) तो भावला. शाळेतल्या लोकेश गुरुजींना अर्थ विचारला. ते म्हणाले, "बिलकूल." आता भाऊ, आपल्याकडे बिलकूलच्या मागून नाईच येते. ह्यांनी तेवढंच धरलं आणि नकार द्यायला तो शब्द वापरू लागले. मी म्हटलं, बाजारातून वांगी आणता का? "ॲब्सोल्युटली," म्हणाले अन् बाजेवर आडवे झाले. मी फोडणीची तयारी करून वांग्यांची वाट पाहत बसले.

एवढ्यावर भागलं असतं तर पत्र कशाला लिहिलं असतं! साहेबांनी ह्यांना विचारलं, तलावाकाठची मोहाची झाडं तोडायला गावाची संमती आहे ना? ह्यांनी छाती काढून ठणकावलं, "ॲब्सोल्युटली!" साहेबांनी मिठी मारली, पेढा भरवला. घरी येऊन हे मला सांगतात, "मोठ्या मनाचा मानूस आहे वो. तोंडावर नाई म्हटलं, तरी पेढा देल्ला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी करवतीची मशीन घेऊन माणसं हजर. बाया मोहफुलं वेचत होत्या. म्हातारी मंगलीबाई टोपलीसकट बुंध्याला टेकून बसली, उठेचना. तिचं वर्षाचं तेल-मीठ त्याच झाडावर. उपसरपंचानं झाडं विकली, अशी बोंब उठली. हे दुपट्टा सावरत धावले. "साहेब, मी तं नाई म्हटलं होतं!" साहेब म्हणाले, "कधी?" हे बिचारे पेढ्याची आठवण देऊ लागले.

मंगलीबाई ह्यांच्याकडे नुसती पाहत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मला झालं. मी पुढे गेले आणि (रिसॉर्टच्या पाहुणीसारखा गोड आवाज काढून) विचारलं, "साहेब, ग्रामसभेले इचारल्याबिगर झाडं तोडता येत नाई ना?"

"ॲब्सोल्युटली!"

"अन् ग्रामसभा तं झालीच नाई ना?"

"ॲब्सो..." पुढचं त्यांनी गिळलं. पण सगळ्या गावानं ऐकलं होतं.

"हा हो म्हणते का नाई म्हणते वो?" मंगलीबाईनं मला विचारलं.

"हो म्हणते, बाई. वेच तुझी फुलं."

मशीन आली तशी परत गेली. ग्रामसभा भरली, गावानं साध्या मराठीत नाही म्हटलं. आणि आता हे चौकात सांगत फिरतात की साहेबाला गाफील ठेवायचा तो त्यांचाच डाव होता. लोक हसतात, ह्यांना ती वाहवा वाटते. त्याच जोरावर यंदा सरपंचपदाला उभे राहताहेत.

तुमची बहीण,
सत्यशीला

ता. क. दोन दिवस येऊन जा. सरपंचपदाला मीही उभी राहते आहे, हे ह्यांना कुणा वडीलधाऱ्यानं सांगायला हवं. मंगलीबाई आणि सगळ्या बाया माझ्याकडून आहेत.

आणखी ता. क. मी घरोघरी फिरते ती त्यांच्या प्रचारासाठी, असं ह्यांना वाटतं. काल दमून आले तर स्वतः चहा करून दिला, वर पाय दाबून दिले. तेव्हा फार घाई करू नका. माझा अर्ज भरून झाल्यावर आलात तरी चालेल.