जेबेझ हॅपगुडचं पहिलं घर

सोमवार, ५ ऑगस्ट. सकाळी ९.१०
बातमी पक्की. गावाच्या १७४३ सालच्या वहीत हॅपगुड हे आमचं नाव सापडलं. टाउन ऑफिसच्या नदीन क्विंबीबाईंनी स्वतः फोन करून खात्री दिली. आमचं घराणं गावातलं जुनं, हे मी चाळीस वर्षं ओरडून सांगतोय. म्हणजे, शांतपणे सांगतोय.
गावदिनाला जुन्या घराण्यातला थोरला माणूस आपल्या पूर्वजाची पहिली नोंद मैदानात मोठ्याने वाचतो. सहा वर्षं त्या फ्रेरी घराण्याचं ऐकलं. येत्या १७ तारखेला, शनिवारी, मी वाचणार.
दुसरा फायदा मोठा. लोइस (माझी बहीण, अर्ध्या फार्मची मालकीण, पूर्ण वेळ शहाणी) हिने मला न विचारता झऱ्याजवळचं छोटं घर तेशेरा नावाच्या ब्राझीलच्या कुटुंबाला भाड्याने दिलंय. काल आलेली माणसं! मी नोटीस तयार ठेवलीय : चौदा दिवसांत जागा सोडावी. तिची सही हवी. ती म्हणाली, "आपली माणसं इथे स्वतःच्या जमिनीवर आली होती, एवढं कागदावर दाखव. त्याच दिवशी सही करते."
दाखवतो.
संकल्प : डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आवाज चढवायचा नाही. आज पाळला. तेशेरांचा कोंबडा सोडून.

बुधवार, ७ ऑगस्ट
बाईंनी पहिलं पान उतरवून पाठवलं. "हवालदार दोन साक्षीदारांसह, राजाच्या नावाने, झऱ्याजवळच्या लहान घरी जेबेझ हॅपगुड, त्याची बायको व चार मुलं यांच्याकडे गेला आणि..." पान संपलं.
खुद्द इंग्रज राजाच्या नावाने! साक्षीदार दोन! असं स्वागत फ्रेरींचं झालं होतं का?
बाई म्हणतात अक्षर किचकट आहे, दुसऱ्या पानाला आठवडा लागेल, तोवर थांबा, मग वाचायचं ठरवा. का थांबू? फ्रेरींनी एका वर्षी नोंद सोयीने कापून वाचली होती. मी लेखी देऊन आलो की दोन्ही पानं वाचीन, एक शब्द गाळणार नाही. सहीनिशी. दोन प्रतींत.

शुक्रवार, ९ ऑगस्ट
फार्मवर झरा एकच. म्हणजे तेशेरा लोक चक्क जेबेझच्या घरात राहतात! संताप. टेप घेऊन पाया मोजायला गेलो. विल्सन तेशेराने न सांगता टेपचं दुसरं टोक धरलं. तळघरातला चिखल काढून त्याने तुळईला नवा टेकू दिलाय. आमच्या इतिहासाला हात का लावला, विचारलं. म्हणे, "मिस्टर हॅपगुड, तुमचा इतिहास आमच्या डोक्यावर पडत होता."
उद्धट.
त्याच्या बायकोने, बियात्रिसने, चीजचे गरम छोटे पाव दिले. अपमान नको म्हणून घेतले. चार वेळा.
नोटिशीत एक ओळ वाढवली : सदर घर स्मारक होणार आहे.

सोमवार, १२ ऑगस्ट
लोइसचा फोन. "लहान घर म्हणजे गड्याचं घर ना रे?" मी म्हटलं, सुरुवातीला सगळ्यांचीच घरं लहान असतात. म्हणाली, "फ्रेरींचं मोठं होतं."
फोन हळूच ठेवला. नवीन फोन घ्यावा लागेल.

बुधवार, १४ ऑगस्ट. दुपार
दुसरं पान आलं. आज काही लिहिणार नाही.

संध्याकाळी ४
लिहितो. "...आणि त्यांना बजावलं की तुम्ही परगावचे व कफल्लक, गावावर भार व्हाल, तरी चौदा दिवसांत निघून जावं. विधवा फ्रेरी म्हणाली की घर माझं आहे, माणसं कामसू आहेत, ती राहतील."
क्विंबीबाई म्हणाल्या, त्या काळची रीतच होती. गरीब माणूस आला की त्याला निघायला सांगून ठेवायचं, म्हणजे पुढे गावाला त्याला पोसावं लागत नसे. बरेच जण तरीही राहिले. हे सांत्वन असावं.
मी म्हटलं, दुसरं पान गाळू. त्यांनी माझं पत्र काढून दाखवलं. दोन्ही प्रती.

संध्याकाळी ७
लोइस येऊन दोन्ही पानं वाचून गेली. डोळे पुसेपर्यंत हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, "चौदा दिवसांची मुदत आपल्यालाही होती, वेंडेल. पावणेतीनशे वर्षं होऊन गेली. आपण अजून निघालो नाही."
नोटीस तशीच टेबलावर. बिनसहीची. कपाखाली ठेवली होती. कप फुटला. आपोआप.
मी चिडलेलो नाही.

गुरुवार, १५ ऑगस्ट
कार्यक्रमपत्रिका छापून आल्या. दोनशे. त्यात दोन्ही पानं आहेत, म्हणजे आयत्या वेळी घसा बसूनही उपयोग नाही. फ्रेरी अकराच्या अकरा येणार. लोइसने पहिल्या रांगेत खुर्ची धरलीय. बियात्रिस दोन ट्रे पाव आणणार. माईक विल्सन लावणार; म्हणाला, काळजी करू नका, तुमचा शब्द न् शब्द नदीपर्यंत ऐकू जाईल.
आता भिस्त फक्त पावसावर. हवामानाचा अंदाज बघितला, तीनदा. शनिवारी सकाळी अकराला लख्ख ऊन, वारा नाही, पावसाची शक्यता शून्य टक्के.