ताण मोडला त्या वर्षी

बाबा,

दादाचे रिपोर्ट आले. डॉक्टरांना नंबर मी माझा दिला होता, म्हणून फोन मलाच आला. तुम्हाला जे झालं होतं तेच दादाला सुरू झालंय. तुमच्या वेळी आम्ही त्याला काही नाव दिलं नव्हतं, आता नाव आहे, अल्झायमर, आणि वहिनीला ते धड उच्चारताही येत नाही. ती सारखी एकच म्हणते, "त्यायले सांगू नका, बाई. हाय खातीन." मी काल अकोल्याहून इथे बागेवरच्या घरी आले ती त्याला सांगायलाच. सकाळी तो बागेत जाईपर्यंत त्याच्यासमोर बसून इकडचं तिकडचं बोलले, आणि तेवढं एक सोडून सगळं बोलून झालं आहे.

तुमचं कुठून सुरू झालं हे मला आता पक्कं माहीत आहे. संक्रांतीला मी माहेरी आले होते, आंबिया बहाराचा ताण चालू होता. ताण म्हणजे काय हे तुम्हीच मला लहानपणी बांधावर उभं करून शिकवलं होतं. थंडीत संत्र्याचं पाणी तोडायचं, झाड मलूल होऊ द्यायचं, पानं गळायला लागली की मगच पाणी सोडायचं, तेव्हा ते फुलावर येतं. मधेच पाणी दिलं तर नुसती पालवी फुटते आणि वर्षाचा बहार जातो. "झाडाची कीव नाई करा लागत, माय," असं म्हणायचात. ताण कधी तोडायचा हे विचारायला मोर्शीपर्यंतचे लोक तुमच्याकडे येत. आणि त्या वर्षी अर्ध्या ताणात तुम्हीच मोटार सुरू केलीत आणि सगळ्या बागेला पाणी सोडलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ओल्या आळ्यात उभे आहात आणि सालदारावर ओरडताय, "कोन्या गाढवानं सोडलं पानी?" तो बिचारा खाली मान घालून उभा. त्याने तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दादा हसत म्हणाला, "बाबा, तुमीच त सोडलं काल." तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत. "मी काहून सोडीन?" तुम्ही खोटं बोलत नव्हतात. तुमचा चेहरा उतरला होता, आणि आम्हाला तो राग वाटला. गावात पुढे महिनाभर चेष्टा चालली की म्हाताऱ्याले शेवटी झाडाची दया आली. फेब्रुवारीत सगळ्यांच्या बागा फुलांनी पांढऱ्या झाल्या आणि आपली तेवढी हिरवीगार राहिली.

मग बाकीचं आलंच. चष्मा ज्वारीच्या कोठीत सापडला. कात्री हा शब्द आठवेना, "ते कापाचं आन" म्हणायला लागलात. मी ताटावर समोर बसलेली असताना आईला विचारलंत, पोरगी कधी येनार हाये. प्रत्येक गोष्टीला घरात कारण तयार असायचं. नजर अधू झाली, ऊन लागलं, झोप झाली नाही, वय झालं. एकेक कारण खरंच वाटायचं. ती सगळी एका ओळीत मांडून पाहावीत असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि आलं असतं तरी त्या काळी कुणाकडे नेलं असतं कोण जाणे.

दादाच्या बाबतीत ते मला रोडग्यांच्या दिवशी दिसलं. या हिवाळ्यात बागेत रोडग्यांचा कार्यक्रम होता. रोडगे आपल्याकडे पुरुषांनीच करायचे, आणि त्यात दादाचा हात तुम्हीच बसवला होता. जाड पिठाच्या पाऱ्या एकात एक गुंडाळून गोळा करायचा आणि गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत, टाकायचा. दादाने पहिली पारी तळहातावर घेतली आणि थांबला. हळूच शेजारच्याच्या हातांकडे पाहिलं, आणि तो करत होता तसंच केलं. मग पुन्हा पाहिलं. तोंडाने सगळा वेळ थट्टा चालू होती, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण शेवटच्या वर्षांत जेवायला बसलात की तुम्हीही असेच आधी आमच्या हातांकडे बघायचात.

"अवो बाई, साठी उलटली त्यायची," मी सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाली. मी तिच्यावर जोरात ओरडले, आणि त्याचं मला अजून वाईट वाटत नाही. भाजीत मीठ टाकायला मीही विसरते, ते वय. जन्मभर हातात मुरलेलं काम हातच विसरला, ते वय नव्हे. तेव्हा कुठे ती रडली आणि बोलली. एकदा मोर्शीहून येताना दादा फाट्यावर गाडी लावून उभा राहिला होता, गावातलं कुणी येईपर्यंत, आणि मग त्याच्या मागे मागे घरी आला. लोक हसतील म्हणून तिने हे पोटात ठेवलं होतं.

अमरावतीच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. थायरॉइडने, जीवनसत्त्व कमी पडल्यानेही असं होतं, ते निघालं तर बरंच, म्हणाले. मी त्यावरच आशा लावून बसले. मग मेंदूचे फोटो काढले. दादाला तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारीन म्हणाले. दादा म्हणाला, "सायेब, तीन कायले? एकच सांगा, पक्का ध्यानात ठेवतो." डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला होता.  मग बाहेर बघतच म्हणाला, "बाबासारखं होऊन रायलं काय मले?"

"काही बी बोलतो," मी म्हटलं.

"बाबाले आपुन कोनीच नाई सांगतलं," तो म्हणाला. "त्यायले शेवटपर्यंत वाटे का घरचे सारे आपल्यासंगं खोटं बोलतेत. मले तसं नको करू, बाई. मले समजते तवरीक सांगजो."

डॉक्टर फोनवर म्हणाले, हे बरं होत नाही, गोळ्यांनी थोडं सावकाश होतं. लवकर कळलं हे चांगलं झालं, कारण अजून ते स्वतःचं स्वतः ठरवू शकतात. बाग कुणी पाहायची, पुढे कुणाजवळ राहायचं, सगळं. वहिनीची भीती मला कळते. पण दादाने मागितलं ते त्याचं आहे, बाबा, आणि ते लपवून ठेवायचा हक्क ना तिला आहे ना मला. मी सांगणार आहे, आजच.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही हे मलाही कळतं. एक मात्र सांगून टाकते. मी तुम्हाला लिहायला बसलेच नव्हते. दादाला कसं सांगायचं ते आधी कागदावर नीट जुळवून पाहावं म्हणून बसले, आणि वर त्याचं नाव लिहायला हातच होईना. म्हणून तुमचं लिहिलं. तुम्हाला सांगणं सोपं गेलं, तुम्ही मधे काही विचारलं नाही. तो विचारेल. तो आता बागेतून ओसरीवर आला आहे, पाय धुतो आहे. मी जाते. बहुतेक त्याच्या आधी मीच रडेन.