साठेबाईंच्या रकान्यातलं शून्य

मंगळवार, संध्याकाळ. उलवे.

सही करून आलो. बढतीच्या समितीत आज मराठीच्या साठेबाईंचा अर्ज होता. उरणच्या मिठागरांतली बोली त्यांनी अकरा वर्षं फिरून गोळा केली, तिचं जाडजूड पुस्तक केलं. पण कॉलेजच्या सॉफ्टवेअरला मराठी पुस्तक दिसतच नाही. इतरांनी त्यांच्या संशोधनाचा संदर्भ किती वेळा दिला, त्या रकान्यात शून्य. आम्हा केमिस्ट्रीवाल्यांना जी अट, तीच त्यांना. प्राचार्य म्हणाले, "सर, आकडा समोर आहे, आपण कशाला टेन्शन घ्यायचं?" अर्ज नाकारायला मी मान डोलावली. का डोलावली?

माझा आकडा मोठा आहे. नसायला काय झालं! पीएचडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मीच सांगतो, माझे चार पेपर संदर्भांत घाल, मग प्रबंधावर सही करतो. ते पेपर कुणी उघडलेही नसतील.

बाईंचं पुस्तक बाबांनी पूर्ण ऐकलं. त्यांना आता दिसत नाही, म्हणून रोज दोन पानं मीच वाचून दाखवली. बाबांचा जन्म मिठागरात गेला. पुस्तकातले कितीतरी शब्द त्यांनीच सांगितलेले, प्रत्येक शब्दाखाली त्यांचं नाव. आमच्या घरात खरा संदर्भ त्यांचाच. आणि त्या शून्याखाली सही माझी.

आल्या आल्या बाबांनी विचारलं, "बाईंचा काम झाला का रं?"

"कागद पुढे गेलाय," मी म्हणालो.

"तू हाय ना तिथं. मंग झालाच."